सह्याद्री: कापून उरलेला डोंगर

चांदोली राष्ट्रीय उद्यानात पश्चिमेकडे चालत गेलं की जमीन एकदम संपते. मागे वारणेच्या खोऱ्यातलं दाट रान, उघडे सडे (खडकाळ सपाट माथे) आणि पूर्वेकडे सावकाश उतरत गेलेलं पठार. पुढे मात्र काही शे मीटर सरळ तुटलेला कडा आणि त्याच्या पायथ्याशी कोकण. प्रचितगड याच काठावर उभा आहे. कोकणातल्या शृंगारपूरहून निघालेल्याला त्याचा चढ छातीवर येतो. घाटमाथ्यावरून रानातून येणाऱ्याला मात्र आपण डोंगर चढतोय असं फारसं जाणवत नाही, कारण तो आधीच वर असतो.

सह्याद्रीचं हे एकतर्फी असणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं नवल वाटत नाही. वाटायला हवं. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना आपण टप्प्याटप्प्याने वर चढतो, आणि तिथून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटाची वळणं संपता संपत नाहीत. जगातल्या बहुतेक मोठ्या पर्वतरांगांना दोन्ही अंगांनी उतार असतो. सह्याद्रीला तीव्र उतार आहे तो पश्चिमेला. पूर्वेच्या अंगाला आहे ते दख्खनचं पठार. भूशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर सह्याद्री म्हणजे या पठाराची तुटलेली पश्चिम कड. एवढं एक ध्यानात घेतलं तर आपल्याकडच्या कडे, सुळके, नद्या आणि सडे यांचा अर्थ लागायला लागतो.

पर्वत कसे तयार होतात, याचं शाळेत शिकवलं जाणारं उत्तर हिमालयाचं असतं. भारताचा भूखंड दक्षिणेकडून सरकत आला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ दाबला गेला, त्याला घड्या पडल्या, मोठमोठे खडकांचे पट्टे तुटून एकमेकांवर चढले. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, त्याचं कारण हेच. उत्तराखंडातल्या नंदादेवी राष्ट्रीय उद्यानात ७,८१६ मीटर उंचीचं शिखर आहे आणि त्याच्या भोवतीचे खडक दाबाने आणि उष्णतेने इतके बदललेत की त्यांचं मूळ रूप शोधावं लागतं. भारत अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे रेटतो आहे आणि हिमालय अजून उंचावतो आहे.

सह्याद्रीत यातलं काहीही सापडत नाही. घड्या नाहीत, एकमेकांवर चढलेले पट्टे नाहीत. कुठल्याही घाटात गाडी थांबवून समोरचा डोंगर पाहिला तर आडव्या रेषा दिसतात, आणि दरीपलीकडच्या डोंगरावर तशाच रेषा जवळपास त्याच उंचीवर दिसतात. दोन्हीकडचे थर जुळतात, कारण ते कधीकाळी एकच होते. मधली दरी नंतर कोरली गेली. पाचगणीची टेबललँड आणि आजूबाजूची पठारं एकाच पातळीत का आहेत, याचंही कारण हेच.

हे थर लाव्ह्याचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून सरकत होता. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनमध्ये मात्र शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उद्रेक झाले नाहीत. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. एक लोट थंड व्हायचा, काही काळ जायचा, मग दुसरा यायचा. बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला असं मानलं जातं. भूशास्त्राच्या हिशेबात हा अगदी थोडा वेळ आहे. काही लोट तर इतके दूर गेले की आंध्रात राजमहेंद्रीजवळ, इथून सुमारे हजार किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी त्यांचा खडक सापडतो. याच सुमारास मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळला आणि डायनासोर संपले. त्यात दख्खनच्या या उद्रेकांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

आज या लाव्ह्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. पण त्याची जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल विंधन घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट, म्हणजे हा थिजलेला लाव्हा, संपला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला होता आणि त्यानंतरही तिथल्या धरणाच्या परिसरात धक्के बसत राहिले. त्यांचा अभ्यास करण्यासाठी अलीकडे तिथे ३ किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं. तिथे बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला, आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे अतिप्राचीन खडक लागले. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. म्हणजे ज्या जंगलाला आपण सह्याद्रीचं मूळ जंगल म्हणतो, त्याच्या पायाखालचा लाव्हा संपतो कुठे, हे आता प्रत्यक्ष पाहून माहीत झालेलं आहे.

एखादा कडा जवळून वाचता येतो. लाव्ह्याच्या एका लोटाच्या तळाशी वाफेने आणि वायूने केलेल्या बारीक उभ्या नळ्या असतात. मधला भाग घट्ट, काळा, उभ्या भेगांनी तडकलेला. हा काळा पाषाण पाण्याला दाद देत नाही आणि तोच कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग मात्र भोकाभोकांचा असतो, कारण लोट थंड होताना वायूचे बुडबुडे तिथे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून झिरपून आलेली खनिजं साठली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत सापडणारं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे, ते अशाच पोकळ्यांतलं. हा सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्याची माती होते, त्यावर गवत आणि झाडं धरतात. दोन लोटांच्या मधे अनेकदा विटकरी लाल मातीचा थर दिसतो. पुढचा लोट येईपर्यंत खालच्या लोटाचा पृष्ठभाग ऊनपावसात कुजला आणि मग वरच्या तप्त लाव्ह्याने भाजला गेला, त्याची ही खूण. पावसाळ्यानंतर सह्याद्रीकडे पाहिलं की हिरवा पट्टा, काळा कडा, पुन्हा हिरवा पट्टा अशी जी मांडणी दिसते, तिचा एकेक पट्टा हा एकेका लोटाचा वरचा आणि मधला भाग आहे. दोन लोटांच्या सांध्यातून झरे फुटतात. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराने अडतं आणि आडवं बाहेर येतं. उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यावस्त्यांचं पाणी अशा सांध्यांवर अवलंबून असतं.

भूशास्त्रज्ञांनी या थरांची रासायनिक घडण तपासून त्यांचे गट पाडले आणि त्यांना जिथे ते चांगले दिसतात तिथली नावं दिली. तळापासून वर मोजत गेलं तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ती यादी जाते. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनच्या लाव्ह्यावर बोलताना शास्त्रज्ञांना ‘आंबेनळी’ म्हणावंच लागतं, याचा मला मनापासून आनंद होतो. या यादीत आणखी एक गंमत दडलेली आहे. हे सगळे थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेला जुने थर उघडे पडलेत आणि दक्षिणेला नवे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, हे या चळतीतल्या खालच्या, जुन्या गटाच्या खडकाचं आहे. महाबळेश्वर त्याहून दोनशे मीटर बुटकं, पण खडक नवा. कळसूबाईच्या डोक्यावर कधीकाळी असलेले थर कधीचेच वाहून गेले.

मग ही चळत पश्चिमेलाच का तुटली? दख्खनचा लाव्हा वाहत असतानाच आणि त्यानंतर लगेच भारताच्या पश्चिम काठाला भूखंड फाटत होता. त्या फाटण्यात सेशेल्स बेटं भारतापासून सुटी झाली आणि मधे अरबी समुद्र उघडत गेला. भूखंड असा फाटतो तेव्हा फाटलेल्या काठाची जमीन उंचावते. नव्याने तयार झालेल्या किनाऱ्यावर पावसाचं पाणी कोसळायला लागलं. तिथून समुद्र अगदी जवळ, त्यामुळे उतार तीव्र आणि पाण्याला जोर भरपूर. पाण्याने काठ कापायला सुरुवात केली आणि कडा हळूहळू पूर्वेकडे मागे हटत गेला. आजचं कोकण ही त्या माघारीत रिकामी झालेली जागा आहे.

इथे एक प्रश्न उरतो. इतकी कोटी वर्षं झीज चालू असताना कड्याची उंची कमी का झाली नाही? भूकवच खालच्या जड, सावकाश वाहणाऱ्या थरावर तरंगत असतं. लादलेल्या होडीतून गोणी उतरवायला लागलो की होडी पाण्यातून वर येते, तसंच खडक झिजून गेले की हलकं झालेलं भूकवच वर उचललं जातं. कोकणातला कोट्यवधी वर्षांचा खडक नद्यांनी समुद्रात नेऊन टाकला, तिथलं ओझं उतरलं, आणि तो पट्टा वर आला. त्याच्या शेजारचा घाटमाथाही त्याच्याबरोबर वर ओढला गेला. म्हणून सह्याद्रीची झीजच त्याला उंच ठेवायला मदत करते. हिमालय दाबाने वर आला. सह्याद्री बराचसा ओझं कमी झाल्याने वर राहिला.

काठ असा उंचावल्याचे पुरावे नकाशावर उघडे दिसतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून साधारण ८० किलोमीटरवर. तिथून समुद्राकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. कृष्णेचं उगमस्थान तर समुद्रापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, आणि तिचा प्रवास १,४०० किलोमीटरचा. पाणी जवळचा रस्ता सोडून इतक्या लांबून का जातं? कारण जमीन पूर्वेकडे उतरते, आणि हा उतार काठ उंचावल्यापासूनचा आहे.

दुसरा पुरावा गोव्यात आहे आणि मला तो सगळ्यांत पटणारा वाटतो. दक्षिणेकडे जाताना लाव्हा पातळ होत जातो आणि बेळगावच्या आसपास त्याच्याखालचे जुने खडक वर यायला लागतात. गोव्यातल्या मोले इथल्या भगवान महावीर राष्ट्रीय उद्यानात दूधसागर सुमारे ३०० मीटरवरून कोसळतो. तिथला ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा आहे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा चाळीसपट जुना. पण कडा तोच, त्याच दिशेने धावणारा, कोकणाकडे तसाच तुटलेला. लाव्ह्यानेच सह्याद्री घडवला असता, तर लाव्हा संपल्यावर सह्याद्रीही संपला असता. तो पुढे कर्नाटक आणि केरळपर्यंत जातो. खडक कोणताही असो, कडा पाण्याने आणि उचललेल्या काठाने घडवला.

मुंबईत मात्र थरांची वेगळी तऱ्हा दिसते. पनवेलपासून पश्चिमेला लाव्ह्याचे थर आडवे राहत नाहीत, समुद्राकडे झुकतात. फाटलेल्या काठाचा तो खाली वाकलेला भाग. मुंबईतले ज्वालामुखी मुख्य सह्याद्रीच्या थरांपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी उशिराचे आहेत आणि त्यांची तऱ्हा वेगळी: काही उद्रेक उथळ पाण्यात झाले, काही स्फोटक होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरहून जास्त लेणी आहेत, ती कोरलीत ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेल्या दगडांच्या तुकड्यांपासून तयार झालेल्या खडकात. लेण्यातल्या खांबाजवळ उभं राहून नीट पाहिलं तर छिन्नीने गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागात वेगवेगळ्या रंगांचे कोनेदार तुकडे बसलेले दिसतात. ते स्फोटात फुटून उडाले, राखेत पडले आणि राखेबरोबर घट्ट झाले. त्यातला एखादा तुकडा बोटाने चाचपला तर त्याची कड अजून धारदार लागते. पाण्यात घासून गोल व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. शिल्पकारांनी छिन्नी लावली तेव्हा बुद्धमूर्तीत हे तुकडेही त्यांच्या हाताखाली आले असतील.

या उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत बिबट्या, हरणं आणि पक्ष्यांची माहिती मिळते, खडकाची क्वचितच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५व्या कलमात राष्ट्रीय उद्यान जाहीर करण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत वनस्पती आणि प्राण्यांबरोबर भूरूपांचं महत्त्वही स्पष्टपणे नोंदलेलं आहे. कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. तरी राज्यातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी बहुतेकांची ओळख वाघावर थांबते. मेळघाटातलं गुगामल घ्या. ते सातपुड्याच्या गाविलगड डोंगरात आहे, आणि हा डोंगर सह्याद्रीसारखा झिजून मागे हटलेला नाही. दक्षिण बाजूला जमीन भ्रंशरेषेवरून तुटली. एका बाजूचा प्रदेश वर राहिला, दुसऱ्या बाजूचा पूर्णेच्या खोऱ्यात खाली गेला आणि नदीच्या गाळाखाली गाडला गेला. त्या भेगेच्या दोन्ही बाजूंना एकच दख्खनचा लाव्हा आहे. त्याच खडकाचा डोंगर किती वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतो, ते चांदोली आणि मेळघाट शेजारी ठेवले की कळतं.

पुन्हा चांदोलीकडे. उद्यानाच्या माथ्यावर जागोजागी सडे आहेत, लालसर तपकिरी जांभ्याचे. कोकणात चिरेखाणीतून काढतात तोच हा दगड, पण इथे हजार मीटरच्या आसपास उंचीवर. बेसॉल्ट सपाट जमिनीवर, भरपूर पावसात, फार मोठ्या काळात कुजत गेला की त्यातली सिलिका आणि चुना वाहून जातो आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतं. असा जांभा तयार होतो. तो उतारावर तयार होत नाही. म्हणून घाटमाथ्यावरचे सडे हे एका जुन्या, सलग सपाट पृष्ठभागाचे उरलेले तुकडे आहेत. महाबळेश्वर, पाचगणी, कास, कोयना, चांदोली, राधानगरी: एकेकाळी हे सगळं जोडलेलं होतं, मधल्या दऱ्या नंतर पडल्या. कोकणातला खालचा जांभा कडा मागे हटल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर तयार झाला.

सड्यावर माती काही सेंटीमीटर, आणि त्यात नत्र व स्फुरद नसल्यात जमा. पाऊस आला की पाणी साचतं, पाऊस गेला की खडक तापतो. मोठं झाड इथे टिकत नाही. जे टिकतं ते अफलातून असतं. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते. सीतेची आसवं जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात. जमिनीत जे मिळत नाही, ते या वनस्पती किड्यांकडून घेतात. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसास्थळ झाला, त्या यादीत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. तिथली फुलं बघायला गर्दी होते. ती फुलं पायाखालच्या नापीक दगडामुळे आहेत, हे सांगणारं कोणीतरी प्रत्येक सड्यावर असावं असं मला नेहमी वाटतं.

कडा अजून मागे हटतो आहे. बेसॉल्टचा घट्ट भाग शेकडो वर्षांत ढिम्म हलत नाही, पण त्याच्यावर जमलेली माती आणि मुरूम हलतो. घाटाच्या पट्ट्यात एका दिवसात शेकडो मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी मुरुमात शिरतं, खालच्या घट्ट खडकावर अडतं, आतून दाब वाढतो आणि उताराचा अख्खा तुकडा सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. कोटी वर्षांच्या झिजेचा हिशेब लिहिताना तिचे हे क्षण गाळता येत नाहीत. या उतारांवर माणसं शतकानुशतकं राहत आली आहेत आणि कोणता उतार धोक्याचा आहे, हे आता भूशास्त्र बऱ्यापैकी सांगू शकतं.

सगळ्यांत चिकाटीने काम चालू असतं ते नद्यांच्या उगमाशी. जुन्या महाबळेश्वराच्या परिसरात कृष्णा, कोयना आणि वेण्णा निघतात आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतात. त्याच डोंगरातून निघणारी सावित्री पश्चिमेला जाते. ती शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. उंची तीच, पण अंतर कृष्णेच्या दहाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे तिच्या पाण्याचा मारा कितीतरी जोरकस. तिथल्या आर्थर सीटवरून खाली दिसणारी खोल दरी तिनेच कापली आहे, आणि दरीचा माथा ती दर पावसाळ्यात थोडाथोडा पूर्वेकडे पोखरत नेते. कृष्णेचं खोरं कधीकाळी आजच्यापेक्षा पश्चिमेला पसरलेलं होतं. तिथे पडणारं पाणी आता सावित्रीतून अरबी समुद्राला जातं.